शेपटीवाले खातेदार

बँकेत तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला जगाकडे बघण्याची एक खोड लागते. त्याला प्रत्येक गोष्ट एक तर जमेला दिसते, नाही तर नावे. लग्नाच्या मांडवात तो माणशी ताटाचा हिशेब करतो आणि स्मशानात उभा असला तरी आलेली माणसं मोजतो. माझीही तीच खोड. त्यामुळे बेवारशी कुत्र्या-मांजरांच्या आश्रयस्थानाबद्दल मी बोलायला लागलो आणि त्यात भूतदयेपेक्षा खतावणी जास्त दिसली, तर वाचकांनी राग मानू नये. बी. कॉम. माणसाची भूतदया अशीच असायची.

कारण आश्रयस्थान ही एक बँकच आहे. लोक येतात, काउंटरवर कुत्रं ठेवतात, कागदावर सही करतात आणि मागे वळून न बघता निघून जातात. फरक एवढाच, की ठेवी वाढल्या की आमचे मॅनेजरसाहेब पेढे वाटतात, आणि तिथले मॅनेजर कपाळाला हात लावून बसतात. बँकेवर 'रन' आली, म्हणजे सगळे खातेदार एकदम ठेवी काढायला धावले, की आमच्या तोंडचं पाणी पळतं. तिथे मात्र रोज सकाळी प्रार्थना असते, की देवा, आज रन येऊ दे, दारात रांग लागू दे आणि संध्याकाळपर्यंत आमची तिजोरी साफ रिकामी होऊ दे!

ही उफराटी बँक मी पाहिली ती अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी, २०२५ च्या मे महिन्यात. माझा भाचा तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आम्ही उभयता त्याच्याकडे पंधरा दिवस पाहुणे होतो. एका शुक्रवारी रात्री तो म्हणाला, "मामा, उद्या लवकर आवर. कुत्रा आणायला जायचंय."

"केवढ्याला पडतो?" मी विचारलं.

"फुकट."

फुकट म्हटल्यावर मी सावध झालो. आमच्याकडे फुकट फक्त कॅलेंडर मिळतं, तेही डिसेंबरात ओळखीने. "फुकट म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार," असं मी म्हणालो. ही म्हणाली, "खोट कसली बघता? कुत्राच मुळात खोट आहे."

इथे आमच्या हिचं आणि कुत्र्यांचं नातं सांगायला हवं. मुलुंडला आमची जागा तळमजल्यावर आहे आणि गल्लीतल्या पाच कुत्र्यांना आमच्या दाराइतकी गार फरशी दुसरीकडे कुठे मिळत नाही. दारामागे एक झाडू कायमचा उभा असतो. त्या झाडूने घर झाडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. भाचा, सूनबाई, मी आणि तोंड फिरवून बसलेली ही. जागा प्रशस्त होती, पण वास जगातल्या सगळ्या कुत्र्यांचा असतो तोच होता. त्या बाबतीत अमेरिकेने काही प्रगती केलेली नाही. ओळीने जाळीच्या खोल्या आणि प्रत्येक दारावर एक कार्ड. कार्डावर नाव, वय, वजन, स्वभाव आणि इथे येऊन किती दिवस झाले तो आकडा. नावं काय, तर बिस्किट, टॅको, पिकल! एका भल्यादांडग्या काळ्या कुत्र्याचं नाव मफिन होतं. तो माझ्याकडे बघून असा भुंकला, की मी त्याला मनातल्या मनात मफिनसाहेब म्हणायला लागलो.

"मामा, ही नो-किल जागा आहे," भाचा अभिमानाने म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे इथे मारत नाहीत."

"आणि मग बाकीच्या ठिकाणी?"

भाचा गप्प झाला. माझ्या डोळ्यांपुढची अमेरिका म्हणजे स्वेटर घातलेलं कुत्रं, गाडीच्या खिडकीतून बाहेर काढलेलं त्याचं तोंड आणि दिवाणखान्यात त्याची वेगळी गादी. हे मारण्याचं प्रकरण मला नवीन होतं. तिथे एक सत्तरीच्या बाई कुत्र्यांची पांघरुणं घडी करत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, दर शनिवारी बिनपगारी येणाऱ्या. त्यांनी मला बाकावर बसवून सगळा धडा समजावून दिला. भाचा दुभाष्या होता. पुढे मी स्वतःही थोडं वाचलं.

तर हकिगत अशी. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली प्राण्यांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी संस्था काढली. त्या काळी त्या शहरात मोकाट कुत्री पकडून लोखंडी पिंजऱ्यात कोंबत आणि तो पिंजरा यारीने ईस्ट नदीत बुडवत. १८७७ च्या जुलैमध्ये एकाच दिवशी साडेसातशेहून जास्त कुत्री अशी बुडवली. पुढे १८९४ साली त्या दयाळू संस्थेनेच शहराच्या कुत्र्यांचं काम अंगावर घेतलं, हेतू हा की हाल तरी कमी व्हावेत. आणि मग संस्थेच्या पदरी काय आलं? तेच काम, जरा सौम्य रीतीने. कारण पिंजरे शंभर, आवक रोजची वीस, जावक पाच. संध्याकाळी हिशेब जुळला पाहिजे. तो कसा जुळवायचा, हे सांगायला बँकेतला माणूस लागत नाही.

मी तेवीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश टॅली करतोय. पाच रुपये कमी आले तर रात्री आठपर्यंत बसलोय. पण 'टॅली' या शब्दाने अंगावर काटा आला तो त्या बाकावर, आयुष्यात पहिल्यांदा. १९७० च्या सुमारास त्या देशात अशा रीतीने 'जुळवलेल्या' कुत्र्या-मांजरांची संख्या वर्षाला एक कोटीच्या वर होती, असा अंदाज आहे. आणि हे काम करणारी माणसं राक्षस नव्हती बरं का. प्राणी आवडतात म्हणूनच ती या नोकरीत आली होती. सकाळी ज्याच्या गळ्यात पट्टा घालून फिरवायचं, शुक्रवारी त्यालाच सुई टोचायची! आमच्या युनियनने असल्या ड्यूटीवर पहिल्याच दिवशी काळ्या फिती लावल्या असत्या.

आता यातून वाट निघाली ती एका मृत्युपत्रावरून, आणि मृत्युपत्र म्हणजे माझा आवडता विषय. आमच्या शाखेत मयत खातेदारांचं टेबल चार वर्षं माझ्याकडे होतं. लोकांनी मृत्युपत्रात भांडी वाटलेली, भिंती वाटलेल्या, एकाने तर गणपती बसवायचा मान मोठ्या मुलाला आणि त्याचा खर्च धाकट्याला, अशीही वाटणी केलेली मी पाहिली आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की माझ्यामागे माझ्या सिडो नावाच्या कुत्रीला मारून टाकावं. तिची आबाळ होईल, ही भीती. हेतू प्रेमाचाच होता. प्रेमाचे हेतू बरेचदा असे असतात.

कुत्री होती तिथल्या प्राणिदया संस्थेकडे आणि संस्थेचे प्रमुख होते रिचर्ड अवान्झिनो. ते म्हणाले, देत नाही. कुत्री धडधाकट आहे, मी तिला मरायला देणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं. देशभर गाजलं. कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळाने त्या एका कुत्रीसाठी विधेयक मंजूर केलं, गव्हर्नरांनी सही केली आणि १९८० च्या जूनमध्ये कोर्टानेही मृत्युपत्रातलं ते कलम धुडकावलं. सिडोला अवान्झिनो स्वतःच्या घरी घेऊन गेले. ती पुढे पाच वर्षं मजेत जगली.

पण मला कौतुक वाटतं ते याच्या पुढचं. एका सिडोसाठी आपण कोर्टात भांडतो आणि मागच्या दाराने रोज तशाच धडधाकट सिडो मारतो, हे काही जुळत नाही, असं त्या संस्थेला वाटायला लागलं. १९८४ साली त्यांनी शहराला कळवलं, की तुमचं कुत्री पकडायचं आणि मारायचं कंत्राट आम्ही सोडतो. शहराला स्वतःचं खातं उभारायला पाच वर्षं लागली. १९८९ मध्ये ते झालं. आणि १९९४ मध्ये दोघांनी करार केला, की या शहरात घरी नेण्याजोगं एकही कुत्रं किंवा मांजर मारलं जाणार नाही. शहराच्या खात्याला ज्याच्यासाठी घर सापडणार नाही, त्याला संस्था आपल्याकडे घेईल. म्हणजे आमच्या भाषेत, हमी! जामीनदार उभा राहिल्याशिवाय कर्ज नाही, तसा जामीनदार उभा राहिल्याशिवाय जीवदान नाही. न्यूयॉर्कच्या त्या जुन्या संस्थेनेही १९९४ च्या अखेरीसच शहराचं कंत्राट सोडलं. बरोबर शंभर वर्षांनी.

"मग आता अजिबात मारत नाही?" मी बाईंना विचारलं.

बाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, "शंभर आत आली, तर नव्वद जिवंत बाहेर गेली पाहिजेत. उरलेल्या दहांत असाध्य दुखणेकरी आणि खरोखर धोकादायक."

म्हणजे 'मारत नाही' या पाटीतही दहा टक्क्यांची सूट आहेच. पण मला ते आवडलं. शंभर टक्के म्हणणाऱ्या माणसाचा व्हाउचर मी नेहमी दोनदा तपासतो.

आता नव्वद बाहेर काढायची कशी, ही खरी मेख. नुसत्या दयेने एक पिंजरा रिकामा होत नाही. इथे मी वही काढली. (ही म्हणाली, "सुट्टीवर आहात ना?") पहिली गोष्ट म्हणजे आवक कमी करायची. कोणी कुत्रं सोडायला आलं की लगेच पावती फाडायची नाही. बसवायचं, पाणी द्यायचं, विचारायचं, का सोडताय? दहातले कितीतरी म्हणतात, घरमालक नको म्हणतो, डॉक्टरचं बिल परवडत नाही, सोफा फाडला. मग बिलाला मदत करायची, महिन्याचं खाणं द्यायचं, सोफा न फाडण्याची शिकवण द्यायची. खातं बंद करायला आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही आतल्या केबिनमध्ये चहा देतो, त्यातलाच प्रकार. दुसरं, हरवलेलं कुत्रं मूळ धन्याकडे परत गेलं पाहिजे. त्यासाठी कातडीखाली तांदळाएवढी एक चीप बसवलेली असते, यंत्र फिरवलं की खाते क्रमांक दिसतो. आमच्या कित्येक खातेदारांच्या कातडीखाली अशी सोय करावी, असं मला पासबुकं छापताना वाटत आलेलं आहे. तिसरं, नसबंदी केल्याशिवाय एकही प्राणी बाहेर द्यायचा नाही. नाही तर आज गेलेली एक मुद्दल उद्या सहा व्याजं घेऊन परत येते.

आणि जावक वाढवायला काय काय करतात! चांगला फोटो काढतात. केविलवाणा नाही, हसरा. पिकल आणि मफिन ही नावं त्यासाठीच. 'क्रमांक ४१७' कोणी घरी नेत नाही, बिस्किट नेतात. टेक्सासमध्ये कुत्री फार आणि उत्तरेकडच्या राज्यांत मागणी फार, म्हणून गाड्या भरभरून कुत्री उत्तरेला पाठवतात. शाखांतर्गत रोकड हस्तांतरण! आणि सगळ्यांत मोठी सोय म्हणजे पोसणारी घरं. जागा मिळेपर्यंत लोक प्राण्याला काही दिवस आपल्या घरी ठेवून घेतात. डोळे न उघडलेल्या मांजराच्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी बाटलीने दूध लागतं, रात्रीसुद्धा. एवढं जागायला पगारी माणूस कुठून आणायचा? जागतात ती कॉलेजची मुलं आणि रिटायर्ड मंडळी. बाईंनी आजवर किती पिल्लं वाढवली ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, मोजत नाही. माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण इमारतीतली हिशेबातली एकमेव त्रुटी ही.

इकडे भाचा आणि सूनबाई चार महिन्यांच्या एका पिल्लापाशी गुडघे टेकून बसले होते. ही कुठे दिसेना. शोधत गेलो तर ओळीच्या अगदी शेवटच्या दाराशी उभी. आत एक मळकट पिवळा कुत्रा लोकांकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसला होता. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही. कार्डावर लिहिलं होतं: वॉफल. वय ९. दिवस १४२.

"अहो," ही हळूच म्हणाली, "मामंजी रिटायर झाल्यावर गॅलरीत असेच बसायचे ना?"

मी बघितलं. अगदी तसेच. वडील रिटायर झाल्यावर दोन वर्षं रोज दहा वाजता कपडे करून गॅलरीत बसत आणि गल्लीकडे पाठ करत. गल्लीतून ऑफिसला जाणारे लोक दिसायचे म्हणून.

भाचा आला. "मामी, तो नऊ वर्षांचा आहे गं. आम्हाला लहान हवाय."

"नऊ वर्षांच्याला भूक लागत नाही का?" ही म्हणाली.

"तसं नाही..."

"पिल्लू काय, आज ना उद्या कोणीही नेईल. याच्याकडे एकशे बेचाळीस दिवसांत कोणी ढुंकून पाहिलेलं नाही." बोलताना तिचा आवाज असा झाला, की सूनबाईंनी गुपचूप पिल्लाला खाली ठेवलं.

काउंटरवर मी बँकेतल्या माणसाच्या सवयीने भाच्याला म्हणालो, पासपोर्ट, विजेचं बिल, पगाराच्या तीन स्लिपा आणल्यास ना? काही लागलं नाही. पूर्वी तिथेही लांबलचक फॉर्म असत, कुंपण किती फूट उंच, असले प्रश्न असत आणि त्यात निम्मी माणसं नापास होत. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की आपण दरवाजावर इतकी कडी घातली आहे की कुत्रं आतच मरतंय. आता नुसत्या गप्पा मारतात. दिवसभर घरी कोण असतं, मुलं आहेत का, पूर्वी कुत्रा होता का. वीस मिनिटांत काम झालं. "नाहीच जमलं तर परत आणा, आम्ही रागावणार नाही," असं वर सांगितलं. जामीनदाराची सही कुठे करायची म्हणून मी पेन काढून उभा होतो. ते तसंच खिशात ठेवलं. वॉफल गाडीत बसला तो थेट हिच्या पायावर डोकं ठेवून, आणि ही घर येईपर्यंत पाय न हलवता बसली. संधिवाताचा पाय तो!

आता सगळंच गोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. ऑस्टिन शहराने नव्वद टक्क्यांचा टप्पा २०११ साली गाठला, पण २०२२ मध्ये शहराचं केंद्र इतकं भरलं, की नवीन प्राणी घेण्यावर त्यांना निर्बंध घालावे लागले. तिथले टीकाकार म्हणतात, की पाटी स्वच्छ ठेवायची म्हणून काही संस्था अवघड कुत्री दारातूनच परत पाठवतात. मग ती जातात पुढच्या खिडकीवर आणि मारल्याचं पाप त्या खिडकीच्या खात्यावर पडतं. काही जण एखाद्याच्या कार्डावर 'घरी नेण्याजोगा नाही' असा शेरा मारतात, म्हणजे तो नव्वदच्या हिशेबात धरावा लागत नाही. ही कला मला अपरिचित नाही. एकतीस मार्चच्या रात्री बुडीत कर्जांची नावं कशी बदलतात ते मी पाहिलेलं आहे. आणि जावक नसलेल्या जागी दहा-दहा वर्षं पिंजऱ्यात ठेवलेला कुत्रा जिवंत असतो म्हणजे काय असतो, हा प्रश्न बाकी राहतोच. तरीसुद्धा आकडा बोलतो. २०२४ मध्ये त्या देशातल्या आश्रयस्थानांत सुमारे ५८ लाख कुत्री-मांजरं आली, ४२ लाख घरोघरी गेली आणि सहा लाखांच्या आसपास मारली गेली. सहा लाख हा लहान आकडा नव्हे. पण तो एक कोटीवरून खाली आलेला आहे आणि तो आणणाऱ्यांत पांघरुणं घडी करणाऱ्या बाई आहेत.

आम्ही मुलुंडला परत आलो आणि दोन महिन्यांत, ११ ऑगस्ट २०२५ ला, सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला: दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचला, आश्रयस्थानांत ठेवा, परत सोडू नका. हुकूम दिल्लीचा, पण मीटिंग आमच्या सोसायटीची! सेक्रेटरींनी रविवारी तातडीची सभा लावली. विषय एकच, गल्लीतली पाच कुत्री शेल्टरमध्ये पाठवणे.

सेक्रेटरींची बाजू खोटी नव्हती. मागच्याच महिन्यात बी विंगमधल्या सात वर्षांच्या पोराला पोटरीला चावा बसला होता. इंजेक्शनांच्या तारखा पाळताना त्याच्या आईच्या तोंडचा रंग उडालेला सगळ्यांनी पाहिला होता. रेबीज एकदा झाला की औषध नाही. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर नोंदी झाल्या. ज्याचं पोर त्याला भूतदया शिकवायला जाऊ नये.

पण हिशेब तर करायला पाहिजे. मी उभा राहिलो. म्हटलं, २०१४ च्या गणतीत मुंबईत ९५ हजारांच्या आसपास भटकी कुत्री निघाली होती. एका कुत्र्याला दिवसाला फक्त पन्नास रुपये खर्च धरा, खाणं, औषध, झाडणारा माणूस, सगळं आलं. दिवसाचे साडेसत्तेचाळीस लाख. वर्षाचे एकशे त्र्याहत्तर कोटी. जागेचं भाडं वेगळं. आणि देशात २०१९ च्या पशुगणनेत दीड कोटींहून जास्त भटकी कुत्री मोजली होती. "अमेरिकेत आश्रयस्थान चालतं," मी म्हणालो, "कारण मागच्या दाराने लोक घरी नेतात. आपल्या या पाच जणांना न्यायला कोण येणार आहे? जावक नसलेलं आश्रयस्थान म्हणजे गोडाऊन, आणि गोडाऊन भरलं की काय करतात, ते मी बघून आलोय."

"मग पांजरपोळात पाठवू," दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले.

आजोबांचं म्हणणं इतिहासाला धरून होतं, हे त्यांना ठाऊक नसावं. मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायला कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. आठ आणे म्हणजे तेव्हा बरीच रक्कम. लोक घरातली, दारातली, दिसेल ती कुत्री मारायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मकृत्यात मान. जूनमध्ये त्यांनी दुकानं बंद केली, गोऱ्या पलटणीची रसद अडवली, दंगल झाली. धरपकड झाली, पण शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची मुभा मिळाली. आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या दोघांनी भुलेश्वरला पांजरपोळ सुरू केला. म्हणजे 'मारायचं नाही' ही कल्पना अमेरिकेतून आयात करायची आम्हाला गरज नव्हती. आमच्याकडे तिची शाखा दीडशे वर्षं आधी उघडलेली होती. पण आज त्या पांजरपोळात गाई आहेत. कुत्र्यांचं काय झालं म्हणाल, तर १९९४ पर्यंत या शहराची महापालिका त्यांना पकडून विजेच्या धक्क्याने मारत होती. एवढी मारूनही कुत्री संपली नाहीत, कारण एक गल्ली रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतली दोन तिथे राहायला येतात. जागेची टंचाई मुंबईत सर्वांनाच आहे.

मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून दुसरी वाट धरली होती: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, परत त्याच जागी सोडा. २००१ साली केंद्र सरकारने तसे नियमच केले आणि २०२३ मध्ये ते नव्याने आणले. ज्याचं काम झालं त्याच्या कानाला छोटी खाच पाडतात, म्हणजे लांबून कळतं. आमच्या भाषेत 'पेड'चा शिक्का. गल्लीतल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस असली तर रेबीज पसरायला वाट उरत नाही, असं डॉक्टर मंडळी सांगतात. मात्र हे पाच वर्षांतून एकदा करून चालत नाही. आपल्याकडे घोडं तिथेच पेंड खातं.

सभा गरमागरम झाली. त्यातच २२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या मोठ्या पीठाने आधीचा हुकूम बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्याच भागात सोडावीत, रेबीज झालेली किंवा चावरी मात्र सोडू नयेत, आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्याव्यात, असं ठरलं. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, स्टेशनं अशा ठिकाणची कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा हुकूम झाला. आमची सोसायटी शाळा नाही, इस्पितळ नाही आणि सभेचा आवाज सोडल्यास स्टेशनही नाही. तेव्हा ठराव झाला: पाचही कुत्र्यांची नसबंदी आणि लस करून घ्यावी. चावलेला कुत्रा कोणता ते पोराच्या आईने दाखवावं, त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं. खायला पंपाच्या खोलीमागे, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, रात्री नऊनंतरच. सूचक मी. अनुमोदक म्हणून कोणी हात वर करेना. मागच्या रांगेतून एक हात वर आला. हिचा! सगळी सोसायटी वळून बघायला लागली. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुम्ही? तुमचा तो झाडू..."

"झाडू माझा आहे," ही म्हणाली. "कुत्री गल्लीची आहेत."

गाडी यायला सात आठवडे लागले. फोन किती केले ते विचारू नका. महापालिकेच्या त्या क्रमांकावरचा आवाज मला आता 'बोला साहेब' म्हणतो. चार कुत्री सापडली. पाच दिवसांनी कानाला खाच आणि चेहऱ्यावर घोर अपमान घेऊन ती परत आली, आमच्या दाराकडे पाठ करून बसली आणि दोन दिवस हिच्याशी बोलली नाहीत. मी एक वही घातली आहे. आरंभीची शिल्लक पाच. खाच चार. लसीची पुढची तारीख समोर लिहिलेली. दर महिन्याच्या एक तारखेला पंपाच्या खोलीमागे जाऊन डोकी मोजून येतो.

पाचवा अजून बाकी आहे. तांबूस, एका कानाने पडका, आमच्या गल्लीतला सगळ्यांत जुना. गाडी येताना वळणावर जो हॉर्न देते, तो त्याने पहिल्याच दिवशी ओळखून ठेवला. हॉर्न वाजला की तो सेक्रेटरींच्याच मोटारीखाली जाऊन बसतो आणि गाडी गेली की अंग झटकून बाहेर येतो. वहीत त्याच्यापुढे मी पेन्सिलने 'येणे' असं लिहून ठेवलंय. सेक्रेटरी रोज सकाळी वाकून मोटारीखाली बघतात आणि मग स्टार्टर मारतात.